दाणे, खोबरे आणि सहिष्णुता: माकडांच्या दोन टोळ्यांवरील एका लघुप्रबंधाचे प्रकरण

पार्श्वभूमी

मराठवाड्यातील एका महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षी विद्यार्थ्यांना लघुप्रबंध लिहावा लागतो. या प्रकरणातील विद्यार्थिनी बालाघाटच्या डोंगरातील एका गावची असून तिच्या गावाजवळ, दरीच्या तोंडाशी, महादेवाचे जुने देवस्थान आहे. तेथे माकडांची एक टोळी कित्येक पिढ्यांपासून भाविकांच्या दाण्या-फुटाण्यांवर पोसली गेली आहे, तर त्याच दरीत आणखी आत, जिथे सहसा गुराख्यांखेरीज कोणी जात नाही, तिथे दुसरी टोळी राहते. या दोन टोळ्यांपैकी कोणत्या टोळीत आपसांतील सहिष्णुता अधिक आहे, हा तिचा प्रश्न होता. मी तिचा मार्गदर्शक होतो, आणि पुढे सांगितलेल्या चुकांपैकी निम्म्याहून अधिक माझ्या खात्यावर जमा होतात.

मराठीत एक सोय आहे: काळ्या तोंडाचे, लांब शेपटीचे ते वानर आणि लालसर तोंडाचे ते माकड, हा भेद खेड्यातले पोरही चुकत नाही. आमचा अभ्यास माकडांचा, म्हणजे डोक्यावर टोपीसारखा केसांचा भोवरा असलेल्या बॉनेट मकाकांचा होता (मकाक हा माकडांचा एक गट, ऱ्हीसस आणि जपानी माकडेही त्यातलीच). दक्षिण भारतातील या जातीची उत्तरेकडील हद्द पश्चिमेस तापी आणि पूर्वेस गोदावरी अशी मानली जात आली असून, गेल्या काही दशकांत उत्तरेकडील ऱ्हीसस माकडे दक्षिणेकडे सरकत आल्याने ती हद्द मागे हटत आहे. वानरे आमच्याकडे अधिक दिसतात, तरीही ती निवडली नाहीत. वानरांच्या पुष्कळशा टोळ्यांत प्रौढ नर एकच असतो, त्यांचे बरेचसे खाणे पानांचे असल्यामुळे ते सर्वत्र विखुरलेले असते, आणि मुख्य म्हणजे सहिष्णुता मोजण्याची जी पट्टी या शास्त्रात रूढ आहे ती मकाकांवरच बेतलेली आहे.

ही पट्टी फ्रेंच संशोधक बर्नार टिएरी यांनी २००० साली मांडली. मकाकांच्या जाती त्यांनी चार पायऱ्यांवर बसवल्या. पहिल्या पायरीवर ऱ्हीसस आणि जपानी माकडे, ज्यांच्यात उतरंड कडक, वरच्याने चावा घेतला तर खालचा उलटून अंगावर जात नाही आणि भांडणानंतर समेट क्वचितच होतो. चौथ्या पायरीवर इंडोनेशियातील सुलावेसी बेटाची टोंकियन आणि शेंडीवाली मकाके, ज्यांच्यात उलट हल्ला ही नित्याची बाब असून समेटही भरपूर होतो. आपले बॉनेट माकड तिसऱ्या पायरीवर, म्हणजे बऱ्यापैकी सैल उतरंडीचे मानले जाते. त्याच्या टोळीत अनेक प्रौढ नर एकत्र राहतात आणि एकमेकांना बिलगून बसतात, हे देवस्थानाच्या पायऱ्यांवर कोणालाही पाहता येते. तत्पूर्वी १९८९ मध्ये फ्रान्स द वाल आणि लेस्ली ल्युट्रेल यांनी ऱ्हीसस आणि आखूड शेपटीच्या मकाकांची तुलना करून ‘वर्चस्वाची शैली’ ही कल्पना मांडली होती. उतरंड आहे की नाही एवढेच न पाहता वरचा आपला अधिकार किती सैलपणे वापरतो ते पाहावे, असा तिचा आशय होता.

अडचण कशी उद्भवली

विद्यार्थिनीने आरंभी जी पद्धत घेतली ती सोपी होती आणि मी तिला हरकत घेतली नाही. ठराविक अंतराने संपूर्ण टोळीवर नजर फिरवायची आणि खाणाऱ्या प्रत्येक माकडाच्या हाताच्या अंतरावर किती माकडे आहेत ते लिहायचे. देवस्थानाच्या टोळीत हा आकडा सातत्याने मोठा आला, दरीतील टोळीत लहान. विभागातील पहिल्या सादरीकरणाच्या मसुद्यावर तिने मथळा दिला: ‘भाविकांच्या अन्नावर पोसलेल्या टोळीत सामाजिक सहिष्णुता अधिक’.

त्यानंतर दोन गोष्टी आठवड्याभरात घडल्या. पहिली म्हणजे हा मसुदा गावात पोचला आणि देवस्थानाच्या व्यवस्थापनातील एक गृहस्थ तिच्या घरी आले. महिन्यापूर्वी एका भाविकाच्या मुलाला माकडाने ओरबाडले होते, त्यावरून कुरबुर चालू होती. तेव्हा ‘इथली माकडे सहिष्णू आहेत’ असे महाविद्यालयाच्या शिक्क्याचे पत्र मिळाल्यास फलकावर लावता येईल, असा त्यांचा प्रस्ताव होता. दुसरी गोष्ट अशी की सादरीकरणात एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी तिला विचारले, “बाई, काय दिसले असते म्हणजे तुम्ही सहिष्णुता कमी आहे असे लिहिले असते?” ती माझ्याकडे पाहू लागली आणि मी टिपणवहीकडे.

पत्राची मागणी हास्यास्पद वाटली तरी तिच्यामागचा गोंधळ आमच्याच शब्दाने निर्माण केला होता. माकडाने माणसाला बुजेनासे होणे ही सवय आहे, माणसाने माकडाला चालवून घेणे ही श्रद्धा किंवा नाइलाज आहे, आणि एका माकडाने दुसऱ्याला आपल्या खाण्याशेजारी राहू देणे ही तिसरीच बाब आहे. मराठवाड्यात या विषयाचा उल्लेख होताच लोकांच्या मनात दुसरी बाब येते, आणि त्यात नवल नाही. धाराशिव जिल्ह्यातील उपळा गावी ३२ एकर जमीन माकडांच्या नावे नोंदलेली असल्याची बातमी २०२२ मध्ये देशभर गाजली. त्याच्या आदल्या वर्षी डिसेंबरात माजलगाव तालुक्यातील लऊळ येथे वानरांनी कुत्र्यांची पिल्ले उंचावर उचलून नेल्याचे प्रकरण गाजले होते आणि वनविभागाला जनावरे पकडावी लागली होती. या दोन टोकांच्या मध्ये राहणाऱ्या वाचकासमोर ‘सहिष्णुता’ हा शब्द उघडा टाकणे बेजबाबदारपणाचे होते.

व्याख्येचा प्रश्न

इथे थोडे थांबणे भाग आहे, कारण पुढील सर्व निर्णय याच ठिकाणी झाले. शास्त्रातही हा शब्द सैलच वापरला गेला आहे. कोणी त्याने जवळ बसण्याचे प्रमाण मोजतो, कोणी एकत्र खाण्याचे, कोणी उतरंडीचा चढ, कोणी समेटाचे प्रमाण. २०२२ मध्ये डेट्रॉय, हाउन आणि फान लीऊवेन यांनी तर या अतिवापराचीच झाडाझडती घेणारा लेख लिहिला. या सर्व मोजमापांनी एकच उत्तर द्यावे अशी अपेक्षा असते. ते तसे देतीलच, याची हमी कोणी दिलेली नाही.

मराठीत लिहायला बसल्यावर ही अडचण अधिक टोचते. ‘सहिष्णुता’ या शब्दाला नीतीचा वास आहे. ‘सहनशीलता’ आणि ‘सोशिकपणा’ हे शब्द तर सोसणाऱ्याकडे, म्हणजे खालच्याकडे बोट दाखवतात, आणि मोजायचे असते ते वरच्याचे वागणे. एकत्र खाण्यासाठी ‘सहभोजन’ हा शब्द हाताशी होता, परंतु महाराष्ट्रात त्या शब्दामागे जातिनिर्मूलनाच्या चळवळीचा इतिहास असल्यामुळे माकडांच्या तक्त्यात तो बसवणे मला रुचले नाही.

योग्य शब्द देवस्थानाच्या पायथ्याशी नारळ-प्रसादाचे दुकान चालवणाऱ्या गृहस्थांनी दिला. विद्यार्थिनी त्यांना मामा म्हणते. ती पायरीवर बसून नोंदी घेत असताना, नुसत्या जवळ बसलेल्या दोन नरांकडे पाहून ते म्हणाले, “ताई, त्ये जवळ बसलंय म्हणून गोडीनं बसलंय आसं नाय. वरचं त्याला खपवून घेतंय का ह्याला उठून जायला वाटच नाय, त्ये बगा आधी.” तिने मान वर करून पाहिले. लहान नराच्या एका बाजूला ओट्याचा कठडा, पाठीमागे भिंत आणि समोर थोराड नर होता. त्याची नजर दाण्यांवर नव्हती. तो सारखा कठड्याच्या वर पाहत होता, एक हात जमिनीला टेकलेला, गालाच्या पिशवीत भरलेले दाणे तसेच न चावता धरलेले. तिच्या तक्त्यात ही जोडी ‘सहिष्णुता: १’ अशी नोंदली गेली होती.

‘खपवून घेणे’ यात तीन अटी आपोआप येतात: खपवणारा वरचा असला पाहिजे, त्याला हुसकावण्याची ताकद असली पाहिजे, आणि ज्यावरून हुसकावावे अशी मोलाची वस्तू मध्ये असली पाहिजे. कॅथरिन क्रोनिन आणि आंखेल सांचेझ यांनी २०१२ मध्ये दिलेली व्याख्याही याच धाटणीची आहे: मोलाच्या वस्तूभोवती इतरांच्या निकट, फारशा आक्रमणाविना, राहण्याची शक्यता. आम्ही तिला एक अट जोडली. ज्याला खपवून घेतले जात आहे त्याला निघून जाण्याची वाट मोकळी असली पाहिजे, अन्यथा ती नोंद धरायची नाही.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय शब्दच सोडून देण्याचा होता: मथळ्यातून सहिष्णुता काढावी, ‘खाताना राखलेले अंतर’ एवढेच लिहावे. तो प्रामाणिक होता, पण त्यात लघुप्रबंधाचा प्रश्नच नाहीसा होत होता.

दुसरा पर्याय प्रयोगाचा. ठरावीक मापाचा पट्टा आखून त्यात शेंगदाणे पसरायचे आणि किती माकडे एकाच वेळी पट्ट्यात येतात ते मोजायचे, ही पद्धत प्रचलित आहे. झांबियातील चिंफुंशी अभयारण्यातील चिंपांझींच्या चार गटांमध्ये असे फरक आढळल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या पद्धतीत पट्ट्याचे माप आणि दाण्यांची संख्या गटातील जनावरांच्या प्रमाणात ठेवतात, कारण पट्टा रुंद झाला की कोणीही कोणाला खपवून घेतल्यासारखे दिसते. परंतु आमच्यासाठी यात वनविभागाची परवानगी, तिला लागणारा काळ, आणि दरीतील टोळीला माणसाच्या दाण्यांची चटक लावण्याचा धोका, असे तीन अडथळे होते. मकाकांच्या चाव्यातून रेबीजखेरीज बी विषाणूचीही भीती असते. तिसरा अडथळाच माझ्या दृष्टीने निर्णायक ठरला. परवानगी मिळाली असती तरी मी हो म्हटले नसते.

तिसरा पर्याय भांडणे आणि त्यानंतरचे वर्तन टिपण्याचा होता. यासाठी प्रत्येक प्रौढ माकड ओळखू येणे आवश्यक असते. चौथा पर्याय सर्वांत स्वस्त आणि विद्यार्थिनीचा स्वतःचा: भाविक तर रोज निरनिराळ्या प्रकारे खायला घालतच असतात, आपण काही न टाकता फक्त कोणत्या प्रकारचे अन्न कसे पडले ते नोंदवावे. मामांनी तेही आधीच सांगून ठेवले होते: “दाणे फेकले तर समदेच खातेत. खोबऱ्याची वाटी पडू द्या, मंग बगा.”

घेतलेले निर्णय आणि केलेली कृती

चौथा पर्याय मुख्य आणि तिसरा मर्यादित स्वरूपात, असे ठरले. पहिले तीन आठवडे केवळ ओळख पटवण्यात गेले. तुटका कान, उजव्या हाताची नसलेली करंगळी, ओठावरची चीर, शेपटीचे टोक गेलेली ‘लांडी’ अशा खुणांवरून देवस्थानाच्या टोळीतील सर्व प्रौढ नर-माद्यांची कार्डे तयार झाली. अर्धवट वयाची माकडे ओळखता आली नाहीत आणि ती सगळी वगळावी लागली. दरीतील टोळी माणूस पाहताच झाडावर चढत असल्याने तिथे ही कार्डे शेवटपर्यंत अर्धीच राहिली.

नोंदींसाठी एका वेळी एकाच माकडावर ठरलेली मिनिटे लक्ष ठेवण्याची, जीन ऑल्टमन यांनी १९७४ मध्ये नीट मांडलेली, पद्धत घेतली. भांडण झाले की दोघांपैकी एकाच्या मागे दहा मिनिटे राहायचे, पहिला मैत्रीचा स्पर्श केव्हा झाला ते लिहायचे, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी त्याच माकडाला भांडणाविना तितकाच वेळ पाहायचे. भांडणानंतरचा स्पर्श लवकर आला तर ती जोडी ‘ओढीची’, तुलनेच्या दिवशी लवकर आला तर ‘दुराव्याची’. समजा ४० जोड्यांपैकी १८ ओढीच्या आणि ६ दुराव्याच्या निघाल्या, तर समेटाची प्रवृत्ती (१८ − ६) भागिले ४०, म्हणजे ३० टक्के. ही वजाबाकी १९९४ पासून रूढ आहे. जी माकडे एरवीही सतत चिकटून असतात त्यांचे चिकटणे समेट म्हणून मोजले जाऊ नये, यासाठी ती असते.

या ठिकाणी आम्ही जवळजवळ फसलो. श्रावण लागला. सोमवारी देवस्थानात पाय ठेवायला जागा नसते आणि भांडणेही बहुतेक सोमवारचीच; त्यांची तुलना पाठ्यपुस्तकाप्रमाणे मंगळवारी होत होती, जेव्हा पायऱ्या ओस पडलेल्या असत आणि टोळी वरच्या कपारीत झोपलेली असे. सोमवारची माकडे गर्दीने एकत्र कोंबली गेल्यामुळे लवकर स्पर्शात येत होती, आणि आमच्या तक्त्यात ते समेट म्हणून चढत होते. हे लक्षात आल्यावर ‘दुसरा दिवस’ हा नियम मोडून पुढच्या सोमवारची तीच वेळ तुलनेसाठी घेतली. आधीच्या दोन सोमवारांच्या जोड्या रद्द केल्या. त्या रद्द करताना तिला रडू आले होते, आणि त्याचे कारणही होते: लघुप्रबंधाची मुदत कोणी वाढवून देणार नव्हते.

अन्नाच्या नोंदीत तीन वर्ग केले: विखुरलेले (दाणे, फुटाणे, तांदूळ), एकजागी पण वाटून घेता येणारे (केळ्यांचा फणा), आणि एकजागी अखंड (खोबऱ्याची वाटी). प्रत्येक नोंदीपुढे एक रकाना वाढवला: ‘वाट: आहे / नाही’.

निष्पत्ती

मामांचे भाकीत खरे ठरले. विखुरलेल्या दाण्यांवर देवस्थानाची टोळी पंगतीला बसल्यासारखी दिसे. पंगतीतही पानांमधले अंतर वाढपी ठरवतो, शेजाऱ्यांचा जिव्हाळा नव्हे. इथे वाढपी भाविक होते. खोबऱ्याची वाटी पडली की तेच अंगण क्षणात रिकामे होई, एक थोराड नर वाटी दोन्ही हातांत धरून बसे आणि त्याच्याभोवती तयार झालेल्या मोकळ्या वर्तुळात फक्त एक वयस्क मादी येऊन पडलेले तुकडे उचलत असे. ‘वाट नाही’ अशा नोंदी गाळल्यावर सुरुवातीच्या आकड्यांतील बराचसा फुगवटा उतरला.

परंतु याच टोळीत खालच्या माद्या वरच्यांवर उलट धावून जाताना अनेकदा दिसल्या, आणि भांडणानंतर एकमेकींच्या उवा काढण्यास पुष्कळदा लवकरच सुरुवात झाली. म्हणजे अन्नावरून पाहिले तर टोळी दांडगट, भांडणांवरून पाहिले तर तिसऱ्या पायरीला शोभेल अशी सैल. ही दोन उत्तरे एकत्र करून एकच गुण काढण्याचा मोह मला झाला होता, कारण परीक्षकांना एक आकडा आवडतो. विद्यार्थिनीने नकार दिला आणि दोन स्वतंत्र प्रकरणे लिहिली. तिचा मुद्दा बरोबर होता असे मला आज वाटते.

दोन टोळ्यांची तुलना मात्र सोडून द्यावी लागली. दरीतील टोळीचे एकजागी अन्न म्हणजे फळलेले उंबर, आणि उंबराच्या फांद्यांवर अंतर झाड ठरवते. एकाच जातीच्या टोळ्यांत खरा फरक असू शकतो, हे नाकारण्याचे कारण नाही. जपानी माकडांत आवाजी बेटावरील टोळी कात्सुयामाच्या टोळीहून कितीतरी सैल असून, दोघांनी मिळून दोरी ओढण्याचे काम आवाजीच्या माकडांना जमले आणि कात्सुयामाच्यांना जमले नाही, हे २०१९ मध्ये दाखवले गेले आहे. तसा फरक आमच्या दरीतही असेल. आमच्या नोंदी तो सिद्ध करण्यास पुरेशा नव्हत्या, म्हणून मथळ्यातून ‘अधिक’ हा शब्द गेला.

देवस्थानाला पत्र दिले, पण वेगळे. त्यात सहिष्णुतेचा उल्लेख नव्हता. अखंड नारळ किंवा वाटी अंगणात ठेवू नये आणि मुलांच्या हाती खाऊ देऊन माकडांसमोर सोडू नये, एवढ्या दोन सूचना होत्या. फलक लागला. नारळाविषयीची ओळ त्यावर आली नाही, कारण पायथ्याच्या दुकानांचा धंदाच नारळाचा आहे, आणि त्यात मामांचे दुकानही येते.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत मोठी चूक क्रमाची होती. आम्ही आधी मोजले आणि मग काय मोजले ते ठरवले. सहकाऱ्यांचा प्रश्न मी पहिल्याच बैठकीत विचारला असता, तर सहा आठवड्यांच्या नोंदी वाचल्या असत्या. मराठीत लिहिण्याचा आग्रहही उशिरा धरला गेला. इंग्रजी मसुद्यात जो शब्द निमूट सरकून गेला तो मराठीत अडला, आणि त्या अडण्याचा उपयोग आरंभीच करता आला असता.

दुसरी उणीव निरीक्षकाची. सर्व नोंदी एकाच व्यक्तीच्या होत्या. स्वतंत्रपणे दुसऱ्याने घेतलेल्या नोंदींशी त्या किती जुळतात हे आम्ही शेवटच्या पंधरवड्यात, तेही दोनच दिवस, तपासले. ‘वाट आहे’ की ‘नाही’ यावर तिचे आणि माझे मत बऱ्याच वेळा जुळले नाही. मी भिंतीला अडथळा धरत होतो आणि ती धरत नव्हती, कारण तिने माकडांना ती भिंत एका उडीत चढताना शेकडो वेळा पाहिले होते. कठड्याजवळच्या त्या लहान नराची नोंद मात्र आम्ही दोघांनीही गाळली. भिंत मोकळी होती, पण तिच्या माथ्यावर दुसरा एक मोठा नर बसलेला होता. वाट अडवते ती भिंत की दुसरे माकड, हे लिहिण्याची सोय तक्त्यात नव्हती. यंदाच्या विद्यार्थ्याच्या तक्त्यात त्या रकान्याचे दोन रकाने केले आहेत, आणि उंबर फळायच्या आत दरीतील टोळीची राहिलेली कार्डे पुरी करण्याचे काम त्याच्याकडे दिले आहे.